अब्बांच्या स्वप्नातली चकती

कलकत्त्याहून आलेलं पत्र आठ दिवस सुगराबींच्या उशाखाली पडून होतं. घरात कोणाला इंग्रजी येत नव्हतं हे खरंच, पण मेहकरला जाऊन भगवंतराव वकिलांकडून ते वाचून आणायला एक दिवस पुरला असता. कोणी गेलं नाही. पत्र उघडलं नाही तोवर चकती आपलीच आहे, अशी काहीतरी वेडी समजूत घरभर पसरली होती, आणि ती मोडायची कोणाचीच तयारी नव्हती. शेवटी जुम्म्याच्या दिवशी, वैशाखाच्या भर उन्हात, वकीलसाहेब स्वतःच दमणी जुंपून डोणगावला आले.

सुगराबींचे नवरे अब्दुल गनी मिस्त्री तेव्हा निंबाखालच्या बाजेवर अर्धवट झोपेत होते. चार वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर साय आली होती. उजेड कळे, माणूस हललेला कळे, पण कोण ते कळत नसे. डोळे अधू झाल्यापासून त्यांच्या झोपेमधली आणि जागेपणामधली भिंतच पडली होती. दुपारभर ते पडून असत आणि ऐरणीवरचे घाव, भात्याचा उसासा, अंगणातल्या कोंबड्या, असं सगळं त्यांच्या स्वप्नांतून जात-येत असे. लोक म्हणत, म्हातारा झोपला. म्हातारा झोपलेलाही नसे आणि जागाही नसे. खरं सांगायचं तर त्या मधल्या मुलखात त्यांना फार बरं वाटायचं, कारण तिथे त्यांना दिसत असे.

त्याच मुलखात त्यांना ती चकती दिसली होती. गेल्या पेरणीच्या तोंडावरची गोष्ट. ते ताडकन उठून बसले होते, सगळ्यांना हाका मारल्या होत्या, आणि सांगितलं होतं की तिफणीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या वाटीत, एक लाकडी चकती फिरते आहे, तिच्या कडेला खळगे आहेत, आणि दर खळग्यातून मोजकी सरकी नळ्यात उतरते आहे. तोवर कापूस पेरायचा म्हणजे तिफणीमागे बायांनी चालायचं आणि चिमटीचिमटीनं सरकी सोडायची. उन्हं चढली आणि हात थकला की कुठे दहा दाण्यांचा गठ्ठा, तर कुठे वावर मोकळं.

धाकटा शकूर हाताचा मोठा गुणी. त्याने पंधरा दिवसांत बाभळीची चकती कातून काढली, चाड्यात बसवली आणि अंगणातच, राखेच्या ढिगावरून ओढून पाहिली. सरकी एका ओळीत पडत गेली. शकूरने बापाचा हात धरून त्या ओळीवरून फिरवला, तेव्हा मिस्त्री तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसले. मग थोरल्या खुर्शीदने मनावर घेतलं. बाजार, गिऱ्हाईक, कचेरी हा सगळा त्याचा प्रांत. मेहकरच्या वाटेवर त्याने चपला झिजवल्या, आणि दिवाळीनंतर कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत अर्ज गेला, तो उस्ताद अब्दुल गनी, राहणार डोणगाव, या नावाने.

"मिस्त्री, जागे आहात का?" वकिलांनी खुर्चीत बसता बसता विचारलं.

"हाव, जागाच हाये." मिस्त्री उठून बसले आणि टोपी सारखी केली. "काय म्हनते कलकत्ता?"

"कलकत्ता नाही म्हणत नाही," भगवंतराव म्हणाले. कागद उलगडल्याचा आवाज आला. "साहेबाने तीन प्रश्न विचारलेत. जूनच्या आत उत्तर गेलं तर अर्ज पुढे सरकेल. नाही गेलं तर बुडाला."

"बुडाला म्हंजे?" शकूरने विचारलं.

"म्हणजे खामगावचा तो लोखंडी सामानवाला कारखान्यात चकत्या पाडेल, आणि तुम्ही इथे बसून बघाल. त्याचा माणूस येऊन गेला ना?"

"दोनदा," खुर्शीद म्हणाला. "विळा पाहिजे म्हने. विळा पाहाले कुंपनावरून डोकावा लागते काय?"

मिस्त्री हसले नाहीत. "तीन प्रश्न म्हंजे सगळंच सांगा लागते काय वकीलसाहेब?"

"सगळंच. एखादा कसबी लोहार नुसतं वाचून चकती बनवू शकेल, इतकं. मागेच सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं खरं. लोहाराने आपला हुन्नर कागदावर लिहून सरकारच्या हवाली करायचा आणि वर त्याला शहाणपण म्हणायचं, हे त्यांच्या पचनी पडतच नव्हतं. त्यांच्या उस्तादांना पोलादाला पाणी देण्याची एक रीत येत होती. त्यांच्या कुऱ्हाडीची धार वर्षभर जात नसे. उस्तादांनी ती रीत पोटच्या पोराला सांगितली नाही, शागिर्दाला सांगितली नाही, आणि एका पहाटे पटकीने दोन तासांत गेले.

"तुमच्या उस्तादांचं काय झालं ते तुम्हीच सांगितलंत मला," वकील जणू त्यांच्या मनातलं वाचून बोलले. "कारागीर लपवतो, कारण सांगितलं की दुसरा उचलेल ही धास्ती. म्हणून सरकार म्हणतं, तू उघड सांग. सोळा वर्षं तुझ्या परवानगीशिवाय कोणी ती बनवणार नाही, याची राखण मी करतो. सोळा वर्षांनी ती सगळ्यांची. तुमच्या उस्तादांच्या वेळी असं कोणी विचारलं असतं, तर आज ती धार निदान राहिली असती."

मिस्त्रींनी टोपी पुन्हा सारखी केली. मग म्हणाले, "इचारा."

"पहिला. खळग्यात सरकी ठेचून भरली, तर जास्तीची कशी काढता?"

"बकरीच्या केसाचा कुंचा हाये," मिस्त्रींनी पटकन सांगितलं. "चकती फिरली का कुंचा वरून पुसून घेते. सपनात दिसला होता मले."

भगवंतराव लिहू लागले. टाक कागदावर कुरकुरत होता आणि मिस्त्रींची छाती नाही म्हटलं तरी दोन बोटं फुगली होती. या वयात, असल्या डोळ्यांनी, कलकत्त्याच्या साहेबाला जबाब देणारा लोहार वऱ्हाडात दुसरा कोण होता?

"दुसरा. नकाशात खळग्याची एक भिंत उभी आहे आणि एक तिरपी. ही तिरपी मुद्दाम आहे, की नकाशा काढणाऱ्याच्या हातून झाली? मुद्दाम असेल, तर कशासाठी?"

"हात हालला असंन," खुर्शीद म्हणाला. "सरळ समजा, असं लिवून द्या. कुठं वाढवता!"

"विचार करून बोल. आज 'सरळ' लिहिलं, तर तिरप्यावर तुमचा हक्क उरणार नाही. उद्या खामगाववाल्याने तिरपी काढली तर तोंड उघडायला जागा नाही."

"भाईजान, सरळ नोका लिवू," शकूर घाईघाईने म्हणाला.

"काऊन?"

"मले काय ठाव! अब्बाचं सपन हाये. अब्बालेच पुसा."

शकूरचा आवाज बोलता बोलता घराच्या दाराकडे वळला होता. मिस्त्रींना चेहरे दिसत नसत, पण आवाजाची दिशा चुकत नसे. दारात सुगराबी बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे, चौकटीआड, शकूरची बायको गौसिया उभी होती. ती लोणारकडच्या, जालन्याच्या सीमेवरच्या बीबी गावची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा मिस्त्रींच्या डोळ्यांवर साय येऊन वर्ष झालं होतं. त्यांनी सुनेचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या लेखी गौसिया म्हणजे बांगड्यांचा आवाज, वेळेवर येणारा चहा, आणि दिवसभर चालणारा भाता.

मिस्त्रींनी डोळे मिटले. डोळे मिटून काही फरक पडत नव्हता, पण स्वप्नाला बरं पडतं.

स्वप्न तिथेच होतं. पांढऱ्या उन्हात बाया गोल फिरत होत्या, दहा असतील, बारा असतील. कोणाचा चेहरा दिसत नव्हता. प्रत्येकीचा एक हात पुढे होता, तळहात जरासा कललेला, आणि त्यावरून सरकी घसरून खाली कुठेतरी पडत होती. बाई पुढे जाई, दुसरी त्या जागी येई. पाय वाजत नव्हते. त्या रिंगणाच्या पलीकडे कोणीतरी बोलत होतं, आणि बोलणं वाऱ्यावर आल्यासारखं तुकड्यातुकड्यांनी येत होतं.

"उभ्या भिंतीला," मिस्त्री डोळे मिटूनच म्हणाले, "लव धरती. तिरप्यावर घसरती."

टाक थांबला. "लव म्हणजे कसली?"

मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. सत्तर वर्षांत त्यांनी तिफणी हजार केल्या असतील, पण सरकी हातात धरून तिच्यामागे एक पाऊल चालले नव्हते. लोहाराने कशाला चालावं? मग लव ही गोष्ट त्यांच्या स्वप्नात आली कुठून? वर्षभर ते स्वप्न त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं होतं, दर खेपेला थोडी पदरची भर घातली होती, आणि हा साधा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"कोन बोलत होतं ते?" ते स्वतःशीच पुटपुटले.

"कोनी काय, सपनातलं मानूस," सुगराबी जरा जास्तच लगबगीने म्हणाल्या. "वकीलसाहेब, चहा घेसान ना? गौसिया, चहा टाक."

"थांब." मिस्त्रींनी हात वर केला. ते पुन्हा ऐकत होते. त्या आवाजात प्रत्येक शब्दानंतर एक दम होता. शब्द, दम, शब्द, दम. असं तुटक बोलणं त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. आधी आईचं, मग सुगराबींचं. भाता ओढता ओढता बाई बोलते तेव्हा तिचं बोलणं असंच येतं.

"गौसिया."

"जी, अब्बा."

"भात्यावर जाय."

"अब्बा, आज जुम्मा," खुर्शीद म्हणाला. "आग कुठं हाये?"

"आग नको मले. बेटी, भाता वढ, आन् वढता वढता सांग, खळगा तिरपा काऊन हाये."

मग बांगड्या किणकिणल्या, पावलं त्यांच्या बाजेवरून पुढे गेली, आणि भात्याचं कातडं करकरलं. थंड भट्टीतली राख भुरभुरल्याचा वास आला. आणि मग ती बोलू लागली, जालन्याकडच्या तिच्या त्या लकबीत.

"आमच्या बीबीला... सरकी बाजेवर चोळतेत... शेण-राख लावून... दोरीवर चोळली की... लव बसती... पर समदी नाही बसत. म्या लहानपनी... तिफनीमागं चालायचे... मूठ उभी धरली की... सरकी बोटाला चिकटायची. आई म्हनायची... तळहात कलता कर... कलता केला की सुटायची. म्हनून... उभ्या भिंतीला लव धरती... तिरप्यावर घसरती."

बाया गोल फिरत होत्या. मिस्त्रींना त्या स्पष्ट दिसल्या, अगदी निंबाखाली, वकिलांच्या खुर्चीला वळसा घालून चाललेल्या, आणि आता त्यांच्या मधोमध भाता होता. इतके दिवस तो तिथेच असणार. त्यांनी पाहिला नव्हता इतकंच.

भगवंतराव खुर्चीतून पुढे झुकले होते. "बाई, तिसरा प्रश्नही तुम्हीच ऐका. साहेब म्हणतात, परदेशात चकतीची पेरणीयंत्रं आहेत. मग तुमच्या चकतीत नवीन ते काय?"

भाता थांबला. "तिकडची सरकी कशी असती? गुळगुळीत?"

"यंत्रात साफ केलेली असावी."

"मंग तिकडं काय अवघड हाये! गोटी तर कुठूनबी पडती. आमची सरकी केसाळ. शेण-राखेची सरकी जिच्यातून सुटंल, अशी चकती तिकडं हाये का, ते साहेबाला इचारा."

वकील मोठ्याने हसले. "हेच. दुसरं काही लिहायलाच नको. मांडीवर हात मारून सांगतो, पेटंट याच वाक्यावर मिळेल." आणि मग, बोलून गेल्यावर, त्यांच्या लक्षात आलं असावं, की अर्जावर नाव मिस्त्रींचं आहे. त्यांनी टाक खाली ठेवला.

"कवा सांगतलं होतं तू हे?" मिस्त्रींनी विचारलं.

"पेरनीच्या आधी. ह्यांना सांगत होते. राखेत बोटानं काढून दाखवलं. तुम्ही निजले होते, अब्बा." ती अडखळली. "वाटलं, निजले."

"शकूर?"

"हाव अब्बा," शकूर म्हणाला.

"मलेबी ठाव होतं," सुगराबी दारातून म्हणाल्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मिस्त्रींनी ऐकला नव्हता. "तुम्ही उठून बसले आन् हाका माराले लागले. शकूर सांगनारच होता. म्याच त्याले डोळा घातला."

"काऊन?"

"तीन साल तुम्ही तोंड भिंतीकडं करून पडून राहत होते. त्या दिवशी तुम्ही उठून बसले, आन् पंधरा दिसानं ओळीवर हात फिरवून हसले. ते हासू हिसकून घ्याले माह्याच्यानं झालं नाही. आन् या पोरीनंबी एका शबदानं म्हनलं नाही, का माझं हाये."

खुर्शीद उठून येरझारा घालू लागला. चकती भावजयीची आहे हे त्यालाही आताच कळत होतं, पण तो व्यवहारी गडी; त्याचं मन रडण्याआधी वाट शोधत असे. "झालं तं झालं. घरातलीच गोष्ट हाये. उत्तरं तिनं सांगतली, वकीलसाहेबानं लिवली, नाव अब्बाचं. दुकानातून खिळा गेला तरी अब्बाच्या नावानं जाते. वडलाचं नाव पुढं कराचं, हेच शिकवलं ना आपल्याले? म्या काय वाईट केलं?"

त्याने वाईट केलं नव्हतं. अर्जावर बापाचं नाव घालताना त्याच्या मनात अदब होती, दुसरं काही नव्हतं. या घरात कोणीही तेच केलं असतं.

"तू वाईट नाही केलंस," भगवंतराव म्हणाले. "पण अर्जात कबुली आहे, खुर्शीद. 'या शोधाचा खरा आणि पहिला शोधक मी आहे.' कायद्याला वडीलधारा लागत नाही, ज्याच्या डोक्यातून निघालं तो लागतो. उद्या पेटंट मिळालं आणि खामगाववाल्याने हायकोर्टात दाद मागितली, तर तिथला बॅरिस्टर मिस्त्रींना पिंजऱ्यात उभं करून एवढंच विचारेल, लव म्हणजे काय? आणि पेटंट रद्द."

"मंग तिचं नाव मागून घाला."

"ते जमणार नाही, नवा अर्ज करावा लागेल. तिच्या एकटीच्या नावाने, नाहीतर दोघांच्या. दोघांत एक जण खरा शोधक असला तरी चालतं. पण नवा अर्ज म्हणजे नवी तारीख. गेले सहा महिने वाया. एवढ्यात त्या माणसाने आपला अर्ज टाकला असेल, तर तो पुढे आणि तुम्ही मागे."

"म्हंजे खरं बोलाचं आन् हातचं घालवाचं!" खुर्शीदचा आवाज फाटला. सहा महिने मेहकरच्या खेपा त्यानेच घातल्या होत्या.

"अब्बाचंच राहू द्या," गौसिया भात्यापासून म्हणाली. "मला नाव घेऊन काय करायचं हाये? चकती फिरली म्हंजे झालं. बायांचे हात तरी सुटतील."

सगळे मिस्त्रींकडे बघत असणार. ते त्यांना न बघताच कळत होतं. एवढंच करायचं होतं, की आपण जागे झालोच नाही असं समजायचं. नाव राहील, तारीख राहील, घर हसतं राहील. पण त्यांच्या डोळ्यांपुढे आता बाया नव्हत्या. तिथे त्यांचा धाकटा भाऊ उभा होता, पीर महंमद, तीस वर्षांपूर्वीचा, मिशा नुकत्या काळ्या झालेला.

ती कथा या घरात पोराटोरांना पाठ होती. मिस्त्रींनी घडवलेल्या एका कुऱ्हाडीवर पीर महंमदने स्वतःचा ठसा मारला होता, म्हणून भर बाजारात मिस्त्री त्याला म्हणाले होते, दुसऱ्याच्या घावावर आपला ठसा मारणारा माझा भाऊ नाही. पीर महंमद पिंपळगाव राजाला निघून गेला तो गेलाच. आईच्या मयतीला आला तेव्हाही दोघे दोन टोकांना उभे राहिले. आणि त्या दिवशी बाजारातून जाताना, मिस्त्रींना आता नको इतकं स्पष्ट आठवलं, तो ओरडून एवढंच म्हणत होता, "कुऱ्हाड माझी हाये, भाईजान! कसम खुदाची, माझी हाये!"

दोघे एकाच भट्टीवर काम करत होते. एक लोखंड धरी, दुसरा घण घाली. कोणाचा घाव कुठे संपला आणि कोणाचा कुठे सुरू झाला, हे त्या वेळी कोण सांगू शकलं असतं? तीस वर्षं ते भावाला चोर समजत होते. तो चोर नसेल. त्याला खरंच तसं वाटत असेल, जसं वर्षभर त्यांना वाटलं.

मिस्त्रींना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. सायीखालच्या डोळ्यांतून पाणी येतं तेव्हा माणसाला अगदी थोडा वेळ उजेड जास्त दिसतो. तसा त्यांना दिसला, आणि त्या उजेडात भात्यापाशी एक उंच, हडकुळी आकृती उभी असलेली कळली.

"वकीलसाहेब, माह्यं नाव काटा."

"दोघांचं ठेवू या का मिस्त्री? कायद्यात बसतं."

"काय म्हनून? म्या निस्ता झोपलो होतो."

सुगराबी हसल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. खुर्शीदच्या येरझारा थांबल्या होत्या. त्याची पावलं घराकडे वळली, आणि मिस्त्रींना धास्ती वाटली, की आता हा पोरगाही पिंपळगाव राजाची वाट धरतो की काय. मग खुर्शीदने आतून स्टूल आणून वकिलांपुढे आदळलं.

"मंग बसून कायले राह्यलो आपन? आत्ताच लिवा. म्या आजच मेहकराले येतो तुमच्यासंगं, सकाळच्या टपालात टाकतो. सहा महिने गेले, आता एक दिवस जाऊ देनार नाही." आणि भात्याकडे वळून, जरा अवघडून, "गौसिया, कुंच्याचंबी पुन्हा सांगजो. बकरीचे केस कोनते, पाठीचे का शेपटाचे?"

"मानेचे," गौसिया म्हणाली.

"पाहा! आन् म्या आजवर पाठीचेच समजत होतो."

नवा कागद अंथरला गेला. गौसियाने सांगावं, शकूरने मापं द्यावी, खुर्शीदने घाई करावी आणि भगवंतरावांनी लिहावं, असं सावली निंबाच्या बुंध्यापासून ओट्यापर्यंत सरकेतो चाललं. शेवटी वकिलांनी टाक पुसला आणि घसा साफ केला.

"आता कबुली. हे बाईंनी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, मगच मी अंगठा घेणार. गौसिया, शकूर लोहार यांची बायको, या शोधाची खरी आणि पहिली शोधक तुम्ही आहात, असं तुमचं म्हणणं आहे का?"

बांगड्या किणकिणल्या, इतकंच.

"हाव, तिचीच हाये," शकूर म्हणाला.

"तुझं नको मला."

"तिचीच हो, म्या आयकलं ना," सुगराबी म्हणाल्या.

"तुमचंही नको."

"ह्यांनी बनवली," गौसिया हळूच म्हणाली. "अब्बाला दिसली. म्या तर निस्तं बोलले..."

वकिलांचा टाक कागदावर अधांतरी थांबला होता. भात्याचं कातडं तिच्या हाताखाली जरासं करकरलं, जसं काही ती आधार शोधत होती. मिस्त्री बाजेवरून खाली उतरले. चार पावलं चाचपडत पुढे गेले, आवाज होता त्या दिशेला, आणि मध्येच थांबले.

"बेटी," ते म्हणाले, "तुह्यं बोलनं म्या एकदा झोपेत घेतलं. आता जागेपनी दे."

निंबावरचे कावळे ओरडत होते. दूर कोणाची तरी गाडी नाल्याच्या चढावर कुरकुरत होती. गौसियाने भात्यावरचा हात काढला.

"चकती माझी हाये," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण मधे कुठे दम न घेता.

मिस्त्रींनी मान हलवली. "लिवा, वकीलसाहेब," ते म्हणाले. "म्या आयकलं."